ऑस्ट्रिया तटस्थ आहे, मग रशियाबद्दलचं हमीपत्र कशाला मागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत छोटं मशीन शॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांनी ऑस्ट्रियातल्या कंपनीकडून एक सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन आणि सोबतचे स्पेअर्स घ्यायचं ठरवलं. ऑर्डर कन्फर्मेशनबरोबर एक पानी हमीपत्र आलं. हा माल रशियात किंवा बेलारूसमध्ये विकणार नाही, पाठवणार नाही, तिथल्या वापरासाठी तिसऱ्या कुणाला देणार नाही. तसं केलं तर करार रद्द आणि वर दंड. ते विचारतात, "ऑस्ट्रिया तटस्थ देश आहे ना? नाटोत नाही. आपल्यासारखाच. मग एका बाजूने कसा उभा राहतो, आणि मी सही का करू?" शिवाय त्यांच्या मेहुण्यांचं म्हणणं, नेहरूंनीच ऑस्ट्रियाला रशियाच्या तावडीतून सोडवलं, तेव्हा आपल्याला तरी हा कागद लागायला नको होता.

मी पुण्यात गेली बावीस वर्षं जर्मन भाषिक देशांतून यंत्रं आणणाऱ्या कारखान्यांची करारपत्रं आणि आयातीचे कागद बघतो. त्याआधी चार वर्षं ऑस्ट्रियातल्या लिंझला नोकरीला होतो. वकील नाही, त्यामुळे कोर्टात काय टिकेल ते मला विचारू नका. पण असे कागद टेबलावरून पुष्कळ गेलेत.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तटस्थ म्हणवणारा देश एकाच देशावर निर्बंध कसे लावतो, हा एक. सही करायची का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही. तरी पहिलं समजल्याशिवाय तुमच्या मनातली खळखळ जायची नाही, आणि मनात खळखळ असलेला माणूस कागद नीट वाचत नाही, एक तर फेकून देतो नाहीतर डोळे मिटून सही करतो. म्हणून आधी ऑस्ट्रिया.

आपण "तटस्थ" ऐकलं की डोळ्यांसमोर भांडणात न पडणारा, दोघांशी सारखंच गोड बोलणारा शेजारी येतो. ऑस्ट्रियाने असं काही कबूल केलेलं नाही. त्यांचा तटस्थतेचा घटनात्मक कायदा २६ ऑक्टोबर १९५५ चा, आणि तो जेमतेम दोन कलमांचा आहे. त्यात म्हटलंय की ऑस्ट्रिया स्वेच्छेने कायमची तटस्थता जाहीर करतो आणि हाती असलेल्या सर्व साधनांनी ती टिकवेल, तिचं रक्षण करेल. यापुढे कुठल्याही लष्करी युतीत सामील होणार नाही. आपल्या भूमीवर परक्या देशाचे लष्करी तळ होऊ देणार नाही. एवढंच. व्यापाराबद्दल शब्द नाही, बँकांबद्दल नाही, कोण बरोबर कोण चूक यावर मत द्यायचं की नाही याबद्दलही नाही.

ही भाषा इतकी तोलून-मापून का, ते कळायला मागची दहा वर्षं बघावी लागतात. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. युद्ध संपल्यावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चौघांनी देश वाटून घेतला. व्हिएन्नाचा मधला भाग चौघांच्या सामाईक ताब्यात, आणि एकाच जीपमध्ये चार देशांचे चार शिपाई बसून गस्त घालायचे. लिंझमध्ये डॅन्यूबच्या एका काठाला अमेरिकन, दुसऱ्या काठाला रशियन. मी राहायचो त्या घराच्या मालकीणबाई लहानपणी ओळखपत्र दाखवून पूल ओलांडायच्या. मावशीकडे दूध आणायला जाताना खिशात शिक्के मारलेला कागद असायचा, हे त्या अजूनही चिडून सांगायच्या.

जर्मनीची फाळणी झाली तशी आपली होऊ नये, ही ऑस्ट्रियाची धास्ती होती. एप्रिल १९५५ मध्ये चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, राब आणि त्यांचे सहकारी मॉस्कोला गेले आणि स्वित्झर्लंडच्या धर्तीवर तटस्थ राहायची तयारी दाखवून आले. १५ मे १९५५ ला व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर महालात चार सत्तांबरोबर राज्यकरार झाला. पण त्या करारात तटस्थता हा शब्दच नाही! जर्मनीशी पुन्हा जोडलं जायचं नाही ही अट आहे, सोव्हिएत संघाला दहा वर्षं दरवर्षी १० लाख टन तेल द्यायचं हेही ठरलं होतं, पण तटस्थता नाही. परकं सैन्य निघून जायची मुदत २५ ऑक्टोबरला संपली आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाच्या संसदेने वेगळा कायदा करून तटस्थता जाहीर केली.

तुम्ही धंदा करता, तुम्हाला यातली खुबी लगेच कळेल. समोरच्याला हवी असलेली अट मुख्य करारात घालू दिली नाही. ती वेगळ्या पत्रावर, आपल्या लेटरहेडवर, तीही माल ताब्यात आल्यानंतर लिहून दिली. "स्वेच्छेने" हा शब्द त्यासाठी. बंदुकीच्या धाकाने लिहून घेतलं असं कुणी म्हणायला नको, आणि पुढे या शब्दांचा अर्थ काय लावायचा ते ठरवणंही बरंचसं आपल्याच हातात राहायला हवं. पुढची सत्तर वर्षं त्यांनी हेच केलंय. शब्द तेच ठेवले, अर्थ आपल्याला परवडेल तसा लावला.

आता मेहुण्यांचे नेहरू. गोष्ट खोटी नाही, थोडी फुगवलेली आहे. जून १९५३ मध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर स्वित्झर्लंडमधल्या बुर्गनस्टॉकला नेहरूंना भेटले आणि रशियाशी बोलणं पुढे सरकावं म्हणून मदत मागितली. नेहरूंनी मॉस्कोतले आपले राजदूत के. पी. एस. मेनन यांच्यामार्फत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हना विचारलं. मोलोटोव्हचा प्रतिसाद थंड होता. नुसत्या तटस्थतेच्या घोषणेने भागणार नाही, असा त्याचा सूर. दार उघडलं ते दोन वर्षांनी, स्टॅलिननंतरच्या रशियाला स्वतःलाच युरोपात तणाव कमी करायची गरज वाटली तेव्हा. नेहरूंनी दार वाजवलं एवढं नक्की, आणि ऑस्ट्रियाचे लोक ते विसरलेले नाहीत. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी व्हिएन्नाला गेले, इंदिरा गांधींच्या १९८३ च्या भेटीनंतर ४१ वर्षांनी, तेव्हाही नेहरूंची ही आठवण निघाली. पण त्या पुण्याईवर तुमचं हमीपत्र माफ व्हायचं नाही.

"आपल्यासारखाच" हे तुमचं म्हणणंही तपासून घ्या. आपलं ते अलिप्ततेचं धोरण. धोरण म्हणजे सरकारला वाटलं तर सरकार वाकवतं. कुणाशी करार करायचा, कुणाकडून तेल घ्यायचं, हे त्या त्या वेळी ठरतं. ऑस्ट्रियाची तटस्थता कायद्यातली आहे, मर्यादित आहे आणि कायमची आहे. ती बदलायला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात आणि जनमताचा कौल तर ठामपणे तिच्या बाजूने आहे. आयर्लंडचं आणखी वेगळं, तिथे घटनेत तटस्थतेची घोषणा नाही, परंपरा आहे. एकच शब्द तीन देशांत तीन अर्थांनी चालतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो की तुम्ही म्हणता तो तटस्थ देश नेमका कोणता.

पण तुमच्या मनातली शंका अगदीच बिनबुडाची नाही, हे मान्य करतो. तटस्थ देशांचे जुने नियम १९०७ च्या हेगच्या करारात आहेत. तटस्थ देशाने खासगी व्यापाऱ्यांची शस्त्रविक्री थांबवलीच पाहिजे असं त्यात नाही. पण बंधन घातलंच, तर ते दोन्ही लढणाऱ्यांना सारखं लागू करा, असं त्यात आहे. मग एकट्या रशियावर निर्बंध कसे?

याचं उत्तर युरोपियन युनियनमध्ये आहे. ऑस्ट्रियाने १९८९ मध्ये सदस्यत्वाचा अर्ज केला तेव्हा आमची तटस्थता कायम राहील असं त्यात लिहिलं होतं. १२ जून १९९४ च्या सार्वमतात ६६.६ टक्के लोकांनी होकार दिला आणि १ जानेवारी १९९५ ला स्वीडन आणि फिनलंडसोबत ऑस्ट्रिया आत गेला. आत जाताना त्यांनी घटनेतच नवं कलम घातलं, आज त्याचा क्रमांक २३जे (23j) आहे. ऑस्ट्रिया युनियनच्या सामाईक परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणात भाग घेईल, आणि त्यात एखाद्या देशाशी आर्थिक संबंध तोडण्याचे निर्णयही येतात, हे त्या कलमात आहे. म्हणजे तटस्थतेचा कायदा तसाच ठेवून त्याच्याच तोलाचा दुसरा कायदा शेजारी आणून बसवला. आज ऑस्ट्रियातले बरेच कायदेपंडित म्हणतात की तटस्थतेचा आता फक्त गाभा उरला: युती नाही, तळ नाहीत, दुसऱ्याच्या युद्धात सैनिक म्हणून उतरणं नाही.

रशियावरचे निर्बंध युनियनमध्ये एकमताने ठरतात. ऑस्ट्रियाने नकाराधिकार वापरला नाही, आणि एकदा नियम झाला की तो व्हिएन्नात जसाच्या तसा कायदा असतो. तुम्हाला पत्र पाठवणाऱ्या कंपनीला त्यात मत नाही. मार्च २०२४ पासून युनियनमधल्या निर्यातदारांना ठरावीक संवेदनशील माल विकताना, रशियाला पुन्हा निर्यात करणार नाही हे कलम करारात घालावंच लागतं. काही भागीदार देशांना यातून सूट आहे. जपान, अमेरिका, दक्षिण कोरिया त्या यादीत आहेत, भारत नाही. ओसाकाच्या कारखानदाराला हा कागद येत नाही आणि भोसरीच्या येतो, तो यामुळे. राग यायचाच असेल तर या यादीचा यावा, तटस्थतेचा नव्हे.

मेहुणे म्हणतील, मग स्विस मशीन घ्या, ते तर युनियनमध्येही नाहीत. पण रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला आणि २८ तारखेला स्वित्झर्लंडनेही युनियनचे निर्बंध स्वीकारले होते.

ऑस्ट्रिया रेघ कुठे ओढतो ते दोन प्रसंगांत चांगलं दिसतं, आणि मी नव्या माणसाला हेच दोन सांगतो. १९९१ च्या आखाती युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव होता. ऑस्ट्रियाने अमेरिकी विमानांना आकाश मोकळं केलं, रणगाडे ओढणारी अमेरिकी वाहनं रेल्वेने देशातून जाऊ दिली, आणि त्यासाठी आपले कायदे बदलून घेतले. १९९९ मध्ये नाटोने कोसोव्होसाठी युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली, तेव्हा परिषदेचा ठराव नव्हता. ऑस्ट्रियाने नाटोच्या विमानांना आपल्या आकाशातून जाऊ दिलं नाही. नकाशा काढून बघा, जर्मनी आणि इटली यांच्या मधोमध हा देश आडवा पडलाय. विमानांना वळसा पडला. आणि गंमत अशी की युद्ध थांबल्यावर, ठराव झाल्यावर, त्याच कोसोव्होत नाटोच्या नेतृत्वाखालच्या शांतिसेनेत ऑस्ट्रियाचे सैनिक गेले, ते आजही आहेत. त्यांना युद्धाशी वावडं आहे, लष्कराशी नाही. सक्तीची लष्करी सेवासुद्धा २०१३ च्या सार्वमतात लोकांनी राखली.

२६ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी व्हिएन्नाच्या हेल्डनप्लात्झवर सैन्य आपले रणगाडे आणि हेलिकॉप्टर मांडून ठेवतं, आणि पोरं रांगा लावून रणगाड्यावर चढतात. मी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांना विचारलं, तटस्थतेच्या दिवशी रणगाडे? ते म्हणाले, कायद्यात "रक्षण करू" असंही लिहिलंय, ते कुणी वाचत नाही.

वाचत नाही हे खरंच, कारण रक्षणावर खर्च करायला हा देश वर्षानुवर्षं कुरकुरत आलाय. संरक्षणखर्च बराच काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही खाली होता. माझं स्पष्ट मत: ऑस्ट्रिया नाटोच्या छत्रीखाली उभा आहे, फक्त छत्रीचा दांडा त्याने धरलेला नाही. आठ शेजाऱ्यांपैकी सहा नाटोत. उरलेले दोन स्वित्झर्लंड आणि लिश्टेनश्टाइन. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेले, ऑस्ट्रियात त्या विचाराने जोर धरला नाही. फिनलंडला रशियाची १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे, ऑस्ट्रियाला एक इंचही नाही, हे त्याचं मुख्य कारण. तरी २०२३ च्या जुलैत युरोपच्या सामाईक हवाई संरक्षण योजनेत सामील व्हायच्या कागदावर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने सह्या केल्या, आणि तटस्थतेचा मुद्दा वेगळ्या निवेदनात नोंदवून ठेवला. लेटरहेडवरचं वेगळं पत्र, पुन्हा तेच. युक्रेनला शस्त्रं द्यायच्या युनियनच्या निर्णयात ते विरोध न करता बाजूला राहिले. स्वतः शस्त्रं दिली नाहीत.

गॅस हा या घराचा जुना दुखरा भाग. पश्चिम युरोपात सोव्हिएत संघाशी गॅसचा पहिला करार ऑस्ट्रियाने केला, १९६८ मध्ये. २०१८ मध्ये तो थेट २०४० पर्यंत वाढवून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुतिन ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्रीणबाईंच्या लग्नात पाहुणे म्हणून येऊन नाचून गेले. चार वर्षांत सगळं पालटलं. पैशांच्या वादावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने गॅस थांबवला आणि डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियाच्या कंपनीने करारच संपवला. त्या काळात एकाच देशात दोन्ही सूर ऐकू येत होते. मार्च २०२३ मध्ये झेलेन्स्की व्हिडिओवरून त्यांच्या संसदेत बोलले, तेव्हा कडव्या उजव्या फ्रीडम पार्टीचे खासदार तटस्थतेचं नाव घेऊन उठून गेले. तुमचा प्रश्न तिथेही विचारला जातो, फक्त तिथे त्यावर मतं मिळतात.

तटस्थतेचा फायदाही त्यांनी पुरेपूर उठवलाय. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ पासून व्हिएन्नात, तेल निर्यातदारांची ओपेक १९६५ पासून, आणि चान्सलर क्रायस्कींच्या काळात डॅन्यूबकाठी बांधलेली संयुक्त राष्ट्रांची इमारत १९७९ पासून, वर्षाला एक शिलिंग नाममात्र भाड्याने. इराणचा अणुकरार २०१५ मध्ये व्हिएन्नातच झाला. अणुसंस्था ज्या देशात आहे तिथे एकही अणुवीज केंद्र चालत नाही हे एक नवल आहे. झ्वेन्टेनडॉर्फचं केंद्र बांधून तयार होतं, १९७८ च्या सार्वमतात अगदी थोड्या मतांनी लोकांनी ते सुरूच होऊ दिलं नाही.

आता तुमचं हमीपत्र. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. मशीनचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा प्रकार सांगणारा आकडा, काय? तुमची रशियात थेट किंवा दुबईच्या व्यापाऱ्यामार्फत काही विक्री आहे का? हे मशीन पुढे विकायचा किंवा भाड्याने द्यायचा विचार आहे का? तिन्ही बाबतींत काही नसेल तर सही करा आणि कामाला लागा. युनियनचा कायदा भोसरीत थेट चालत नाही, पण सही केलेला करार चालतो. आणि कलम मोडल्याचं उघड झालं तर निर्यातदाराला आपल्या सरकारला कळवावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये युनियनने आपल्या निर्बंधांच्या यादीत एका भारतीय कंपनीचंही नाव घातलं. एकदा त्या यादीत गेलात की युरोपातून साधं बेअरिंग मिळणंही कठीण होतं.

माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हा कागद "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवला. स्पिंडल फ्रँकफर्टला पाच आठवडे अडकून पडलं. विक्रेत्याचे दोन मेल आले होते, ते अकाउंटंटच्या इनबॉक्समध्ये होते. सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) काहीच माहीत नाही, कारण माल इकडे पोचलाच नव्हता. शेवटी लेटरहेडवर सही, शिक्का आणि एंड युजरचा, म्हणजे माल प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, पूर्ण पत्ता देऊन माल सुटला. तोपर्यंत त्याच्या ऑर्डरचा दिवस उलटून गेला होता.

सही करण्याआधी एक ओळ मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. बहुतेक कागदांत बंधन फक्त विकलेल्या मालावर असतं, म्हणजे मशीन, स्पेअर, सॉफ्टवेअर. काही कंपन्यांचे वकील जास्तीची काळजी घेतात आणि त्या मशीनवर तयार होणाऱ्या वस्तूंनाही त्यात ओढतात. तसं असेल तर ती ओळ काढून मागा. मी आजवर तीनदा मागितली, दोनदा निघाली. तिसऱ्यांदा निघाली नाही, कारण गिऱ्हाइकाचे पार्ट्स खरंच विमानाला लागणारे होते आणि समोरच्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

एचएस कोड आणि त्या परिच्छेदाचा नेमका मजकूर कळवा, मग पुढचं सांगतो. जर्मन प्रत आली असेल तर तीच पाठवा. इंग्रजी भाषांतरात "तयार होणारा माल" आणि "विकलेला माल" यांची सरमिसळ झालेली मी दोनदा पाहिली आहे.